भेगाळ कातळातलं पाणी आणि जमिनीत पाहणारं रडार: ठाणे-नवी मुंबईतून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

घोडबंदर रोडच्या सोसायट्या, येऊरच्या पायथ्याचे बंगले, तुर्भे-रबाळे पट्ट्यातले कारखाने आणि भूशास्त्राचे विद्यार्थी यांच्याकडून जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, ते इथे एकत्र केले आहेत. एकाचं उत्तर दुसऱ्यात अडकलं असेल तिथे क्रमांक दिला आहे.

१. रडार फिरवलं की खालचं पाणी दिसतं का?

नाही. दिसते ती विद्युत गुणधर्मांमधली तफावत. अँटेना जमिनीत रेडिओलहरींचा छोटा ठोका सोडते. खडक बदलला, फट आली, की त्या ठोक्याचा काही भाग परत येतो. परत यायला किती नॅनोसेकंद लागले आणि किती जोराने आला, एवढंच यंत्र नोंदवतं. घट्ट बेसॉल्टचा, म्हणजे आपल्या काळ्या कातळाचा, परावैद्युतांक (पदार्थ लहरीला किती मंदावतो ते सांगणारा आकडा) ८ च्या आसपास आणि पाण्याचा ८०. म्हणून पाण्याने भरलेली भेग चांगली चमकते. पण चमकली म्हणजे त्यातलं पाणी वाहतंय असं नाही. पाणी साठून राहिलेली भेग आणि वाहती भेग एका चित्रात सारखीच दिसते. वाहणं ओळखायचं तर काहीतरी बदलावं लागतं आणि बदलाच्या आधीचं व नंतरचं चित्र ताडून पाहावं लागतं (प्र. ८ आणि ११).

२. किती खोल दिसतं? कंपनीवाला ५० मीटर म्हणतो.

खोली यंत्रापेक्षा जमिनीवर ठरते. एक हिशेब घरीच करता येतो: दर मीटरला होणारा ऱ्हास (डेसिबलमध्ये) = १.६४ × वाहकता (मिलिसीमेन्स प्रति मीटर) ÷ परावैद्युतांकाचं वर्गमूळ. घट्ट काळ्या कातळाची रोधकता (वीज अडवण्याचं माप, वाहकतेच्या उलट) १००० ओहम-मीटर धरली तर वाहकता १ येते आणि ऱ्हास जेमतेम ०.६ डेसिबल. ओल्या मुरमाची रोधकता ४० ओहम-मीटर, म्हणजे वाहकता २५, परावैद्युतांक १२. ऱ्हास जवळजवळ १२ डेसिबल. लहर जाते आणि परत येते, म्हणून हे दुप्पट करा. तीन मीटर ओल्या मुरमातच ७० डेसिबल संपले. यंत्राकडे साधारण १०० डेसिबलची पुंजी असेल, तर खालच्या कातळासाठी फार काही उरत नाही.

म्हणून उघड्या कातळावर, जुन्या खाणीच्या तळावर किंवा बोअरच्या आत १०० मेगाहर्ट्झ अँटेनाने १५-२० मीटर मिळू शकतात. मुरूम-मातीच्या अंगणात ३-४ मीटर मिळाले तरी नशीब. ५० मीटरचं आश्वासन देणाऱ्याला तुमच्या जागेची रोधकता किती धरली ते विचारा. आकडा सांगता आला नाही तर पुढचं बोलणं तिथेच थांबवा.

३. आम्ही वाशीत राहतो. इथे चालेल?

खाडीलगतच्या भरावावर नाही. वाशी, सानपाडा, नेरूळचा खाडीकडचा भाग चिकणमातीवर आणि खाऱ्या पाण्यावर उभा आहे. भरतीचं पाणी सांभाळायला सिडकोला होल्डिंग पाँड बांधावे लागले ते उगाच नाही. खाऱ्या पाण्यात ही लहर काही सेंटिमीटरांतच मरते. अँटेना बदलून, गेन (परत आलेला ठोका किती मोठा करून दाखवायचा ते) वाढवून काही होत नाही, फक्त गोंगाट मोठा दिसतो. डोंगराकडच्या बाजूला, म्हणजे पारसिकच्या उतारावर किंवा खारघरच्या टेकड्यांकडे कातळ वर येतो. तिथे विचार करायला जागा आहे.

४. बोअरचा पॉइंट काढायला पाणाड्या बोलवावा, रोधकता चाचणी करावी की रडार?

नव्या बोअरच्या पॉइंटसाठी रोधकता चाचणी. ती साठ-सत्तर मीटरपर्यंतच्या थरांचा अंदाज देते आणि मुरमाला घाबरत नाही. रडार उपयोगी पडतं ते त्यानंतर: बोअर झाली आहे, तिला पाणी कोणत्या भेगेतून येतं, शेजारच्या बोअरशी तिची जोडणी आहे का, वरून घाण पाणी कुठून शिरतं, अशा प्रश्नांना. पाणाड्याच्या हातातला नारळ उभा राहतो, तो का राहतो यावर इथे वाद घालत नाही. ठाण्याच्या कातळात थोडंफार पाणी बऱ्याच ठिकाणी लागतं, त्यामुळे पाणाड्या वरचेवर बरोबर ठरतो एवढंच लक्षात ठेवा.

५. आपल्या कातळात पाणी नेमकं कुठून वाहतं?

दख्खनचा बेसॉल्ट एकसंध नाही. लाव्हाचे थर एकावर एक बसलेले आहेत. थराचा मधला भाग घट्ट काळा कातळ, त्यात उभे सांधे. वरचा भाग बुडबुड्यांचा, ज्याला विहीर खणणारे मांजऱ्या म्हणतात. दोन थरांच्या मध्ये काही ठिकाणी गेरूसारखा लाल मातीचा पट्टा. पाणी मुख्यतः थरांच्या सांध्यातून आडवं आणि उभ्या सांध्यांतून खाली जातं. लाल पट्टा चिकणमातीचा असेल तर पाणी त्याच्यावर अडतं आणि डोंगराच्या बाजूला झरा होऊन फुटतं. येऊरच्या उतारावर पावसाळ्यात ठरावीक उंचीवर ओळीने पाझर दिसतात, त्यांच्या मागे बहुधा हेच कारण असतं.

कोकणात उत्तर-दक्षिण जाणारे डाईकही (जुन्या भेगेत लाव्हा गोठून झालेल्या उभ्या भिंती) भरपूर आहेत. डाईक स्वतः घट्ट असेल तर भिंतीसारखा पाणी अडवतो, पण त्याच्या कडेचा खडक भाजून-तडकून फुटलेला असतो आणि त्या कडेने पाणी धावतं. एका बोअरला भरपूर पाणी आणि दहा मीटरवरची कोरडी, हा प्रकार यातूनही होतो. पनवेल फ्लेक्शर या थरांच्या मोठ्या बाकामुळे पश्चिमेकडचे थर सपाट नसून पश्चिमेला कललेले आहेत. त्यामुळे एका बोअरमध्ये २० मीटरवर लागलेला सांधा शेजारच्या बोअरमध्ये त्याच खोलीवर शोधू नका.

६. जमिनीवरून पाहावं की बोअरमध्ये उतरवून?

ज्या भेगा शोधायच्या त्यांच्या दिशेवर अवलंबून आहे. जमिनीवरचं रडार आडव्या पृष्ठभागांना चांगलं पकडतं, उभे सांधे त्याच्या नजरेतून निसटतात. बोअरमधलं रडार बरोबर उलटं: त्याची अँटेना बोअरच्या अक्षात उभी असते आणि बाजूंना लहर फेकते, वर-खाली जवळजवळ नाही. बोअरला समांतर किंवा तिरकी भेग छान दिसते, बोअरला काटकोनात छेदणारी आडवी भेग नीट दिसत नाही.

आणि आपल्याकडे तर महत्त्वाचे सांधे आडवे! ग्रॅनाइटसाठी लिहिलेली कार्यपद्धती इथे जशीच्या तशी उचलणाऱ्यांची फसगत होते ती इथेच. उपाय असा की दोन बोअर असतील तर एकीत पाठवणारी आणि दुसरीत ऐकणारी अँटेना ठेवून आरपार मोजणी करावी. अंतर शक्यतो १० मीटरच्या आत असावं. मधल्या आडव्या सांध्यात खारं पाणी शिरलं की पहिला ठोका जवळपास त्याच वेळी पोचतो, पण त्याचा जोर कमी होतो. ज्या खोलीवर जोर उतरला तो सांधा वाहता.

७. आमच्या बोअरमध्ये लोखंडी केसिंग आणि पंप आहे. चालेल का?

केसिंग लोखंडी असेल तर तेवढ्या उंचीत काहीच दिसणार नाही. केसिंगच्या खालच्या टोकाशीही मीटरभर लहर घुमते, तो भाग सोडून द्या. पीव्हीसी केसिंग चालतं. पंप, पाइप, केबल, दोरी सगळं वर काढावं लागतं. सहा इंची बोअरला अँटेनाची जाडी अडत नाही, लांबी अडते: १०० मेगाहर्ट्झचा पूर्ण दांडा चार-पाच मीटरचा असतो, त्यामुळे तळाचे काही मीटर मोजता येत नाहीत.

पंप काढल्यावर बोअर किमान एक रात्र तशीच ठेवा, पाण्याची पातळी स्थिर होऊ द्या. नवी बोअर असेल तर आधी भरपूर धुऊन काढा. खोदताना उडालेली भुकटी भेगांची तोंडं बुजवते आणि चांगली भेगही मुकी होते.

८. प्रवाह प्रत्यक्ष कसा टिपतात?

खारं पाणी सोडून आणि चित्रांची वजाबाकी करून. स्वीडनमधल्या स्ट्रिपा खाणीत १९८० च्या दशकात बोअरमधलं रडार घडलं. अमेरिकेतलं मिरर लेक आणि फ्रान्सच्या ब्रिटनीतलं प्लोमर इथे खाऱ्या पाण्याच्या चाचण्यांनी ही पद्धत पक्की होत गेली. तिथला खडक ग्रॅनाइटच्या जातीचा आहे, प्र. ६ मधला इशारा म्हणूनच दिला.

क्रम असा. आधी दोन्ही बोअरमध्ये वाहकता आणि तापमान तळापर्यंत मोजा. जिथे आकडा अचानक बदलतो तिथे पाणी आत येत किंवा बाहेर जात असण्याची शक्यता मोठी. मग यंत्र २०-३० मिनिटं तापू द्या आणि कोरी, म्हणजे मीठ सोडण्याआधीची, नोंद घ्या: १०० मेगाहर्ट्झला दर १० सेंटिमीटरला, २५० ला दर ५ सेंटिमीटरला एक वाचन. कोरी नोंद दोनदा घ्या. त्या दोघींच्या वजाबाकीत जे उरतं तो तुमचा गोंगाट. त्याहून मोठा नसलेला कोणताही फरक नंतर मोजायचा नाही. हे दुसरं वाचन वेळ वाचवायला बरेच जण गाळतात आणि पुढची सगळी चर्चा हवेत जाते.

मग एका बोअरमध्ये निवडलेल्या भेगेच्या वर-खाली रबरी पॅकर फुगवून मीटरभराचा कप्पा बंद करा. दुसऱ्या बोअरमधून संथ, एकसारखा उपसा सुरू करा आणि पातळी स्थिरावली की कप्प्यात मिठाचं पाणी सोडा. रडार उपशाच्या बोअरमध्ये ठेवून दर ५-१० मिनिटांनी तोच पट्टा पुन्हा मोजा. त्याच वेळी उपसलेल्या पाण्याची वाहकता दर मिनिटाला लिहा. प्रत्येक नोंदीतून कोरी नोंद वजा केली की मिठाची वाट उजळत जाते.

चित्रात मिठाचं टोक २५ मिनिटांत ४ मीटर सरकलं, तर वेग मिनिटाला १६ सेंटिमीटर. पण हा उपशाने ओढलेला वेग आहे. नैसर्गिक वेग म्हणून तो अहवालात टाकू नका.

९. मीठ किती टाकायचं? आणि जास्त टाकलं तर जास्त स्पष्ट दिसेल ना?

२०० लिटर पाण्यात ४ किलो साधं मीठ, म्हणजे लिटरला २० ग्रॅम. वाहकता सेंटिमीटरला साधारण ३३ मिलिसीमेन्स येते. पाणी त्याच बोअरचं घ्या, मीठ पूर्ण विरघळवा आणि कापडातून गाळा.

याहून जास्त नको, कारण मीठ पाणी जड करतं. २० ग्रॅमलाच घनता सव्वा टक्क्याच्या आसपास वाढते. ऐकायला किरकोळ वाटतं, पण भूजलाचा उतारही अनेकदा १०० मीटरला एखादा मीटरच असतो. जड पाणी आडव्या वाटेने जाण्याऐवजी उभ्या सांध्यात खाली बसतं आणि तुम्ही प्रवाहाऐवजी मिठाचं वजन मोजत बसता. प्लोमरला यावर तोडगा म्हणून मिठाच्या पाण्यात हलकं इथेनॉल मिसळून घनता बरोबर केली गेली. आपल्याकडे सोसायटीच्या बोअरसाठी तो खटाटोप करण्यापेक्षा मीठ कमी ठेवणं बरं.

अँटेना कोणती हेही मिठाशी बांधलेलं आहे. १०० मेगाहर्ट्झला भेगेतल्या पाण्याची वाहकता सेंटिमीटरला ४-५ मिलिसीमेन्सच्या घरात गेली की परावर्तन ठळक बदलतं, २५० ला तोच बदल यायला ११ च्या आसपास लागतात. वाटेत मीठ दहापट पातळ होणं नेहमीचं आहे. म्हणून भेगा शोधायला २५०, मीठ पाहायला १००.

१०. आमच्या बोअरचं पाणी कायमचं खारट होईल का?

४ किलोने नाही, पण मीठ परत काढायचं असतंच. चाचणी संपल्यावर उपसा चालू ठेवा, जोवर वाहकता कोऱ्या आकड्याजवळ येत नाही तोवर. वाहकता आणि उपसलेलं पाणी यांच्या गुणाकारातून परत आलेलं मीठही मोजता येतं: लिटरला १ ग्रॅम मिठाने सेंटिमीटरला सुमारे २ मिलिसीमेन्स वाढतात. हे पाणी बागेत, तलावात किंवा पावसाळी नाल्यात सोडू नका. ज्या बोअरचं पाणी पिण्याला जातं तिथे ही चाचणी करूच नका. इतरत्र मालकाची लेखी संमती घ्या, आणि आजूबाजूला सार्वजनिक स्रोत असेल तर भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेशी आधी बोला.

११. मीठ न टाकता, मे आणि ऑक्टोबरची चित्रं ताडून पाहिली तर?

चालतं. अडीच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडणाऱ्या जिल्ह्यात निसर्ग दरवर्षी ही चाचणी फुकट करून देतो. अडचण एकच: भेगेबरोबर वरची मातीही भिजते. समजा वर एक मीटर माती आहे. कोरडी असताना तिच्यात लहरीचा वेग नॅनोसेकंदाला ०.१२ मीटर, भिजल्यावर ०.०७. जाऊन-येऊन १२ नॅनोसेकंद जास्त लागतात आणि खालचा प्रत्येक थर चित्रात ६० सेंटिमीटर खाली सरकलेला दिसतो. पाण्याची पातळी खाली गेली असं वाटतं, खरं तर ती वर आलेली असते! दोन्ही वेळा जागेवर वेग नव्याने मोजा आणि वेळेचं खोलीत रूपांतर वेगवेगळं करा. उघड्या कातळावर हा त्रास जवळजवळ नाही.

१२. भेग बोअरच्या कोणत्या बाजूला आहे?

साध्या अँटेनाला ते कळत नाही. ती चारी बाजूंना सारखीच पाहते, त्यामुळे भेग बोअरपासून ६ मीटरवर आहे एवढं सांगते. ठाण्याच्या दिशेला की कळव्याच्या, ते नाही. तीन बोअर असतील तर तीन अंतरांवरून दिशा निघते. एकच बोअर असेल तर दिशादर्शी अँटेना लागते. एका बोअरच्या साध्या नोंदीवरून नकाशावर बाण काढून देणाऱ्याने तो बाण मनानेच काढलेला असतो.

१३. भेग कोरडी की ओली, हे एका चित्रावरून सांगता येतं का?

रुंद पोकळी असेल तर येतं. कातळातून हवेत जाताना परावर्तनाचा गुणांक अधिक ०.४८, पाण्यात जाताना उणे ०.५२, म्हणजे ठोका उलटा होऊन येतो. पण आपल्या भेगा मिलिमीटरच्या असतात. त्यांच्या दोन्ही भिंतींवरून येणारे ठोके एकमेकांत मिसळतात आणि उलट-सुलट ओळखणं अवघड होतं. अशा वेळी प्र. ८ किंवा ११.

१४. वजाबाकीच्या चित्रात सगळीकडेच फरक दिसतोय. सगळीकडे पाणी?

नाही, अँटेना जागेवर नव्हती. केबल ताणली, खोली मोजणारं चाक ओल्या केबलवर घसरलं, किंवा दांडा एका फेरीत बोअरच्या एका कडेला आणि दुसऱ्या फेरीत दुसऱ्या कडेला टेकला. केसिंगचं टोक दोन्ही नोंदींत एकाच खोलीवर आणा, थेट आलेला पहिला ठोका एकाच वेळेवर आणा, दांड्याला मध्यभागी धरणारी कडी लावा आणि पुन्हा वजा करा. बोअरमध्येच खारं पाणी उतरलं असेल तर मात्र हे सावरता येत नाही: अँटेना मिठात बुडते आणि सगळी नोंद फिकी पडते.

१५. पाच मीटरवर एक ठळक, वाकडी रेघ सगळीकडे येते. पाण्याची वाट?

आधी आजूबाजूला पाहा. १५ मीटरवर इमारत, मेट्रोचा खांब किंवा विजेचा मनोरा आहे का? हवेतून गेलेली लहर तिथे आपटून १०० नॅनोसेकंदांत परत येते, आणि कातळाचा वेग धरला तर ती बरोबर ५ मीटर खोलीवर उमटते. रेघेच्या आकाराला नॅनोसेकंदाला ०.३ मीटर हा वेग जुळला तर ती हवेतली. शिल्ड नसलेल्या अँटेना शहरात हा खेळ रोज दाखवतात.

१६. बेसमेंटमध्ये पाणी झिरपतं. कुठून येतं ते रडार सांगेल का?

क्वचितच. राफ्टमधली (तळाच्या काँक्रिटच्या लादीतली) सळयांची जाळी लहर वरच अडवते. त्याआधी स्वस्त चाचण्या करा. इमारतीची टाकी भरून व्हॉल्व्ह रात्रभर बंद ठेवा आणि पातळी पाहा. झिरपणाऱ्या पाण्यात उरलेला क्लोरीन तपासा: सापडला तर पाणी नळाचं, पण नाही सापडला म्हणून नळाचं नाही असं ठरत नाही, कारण मातीतून येताना तो संपतो. विद्राव्य क्षार मोजा आणि नळाच्या, बोअरच्या पाण्याशी जुळवा. भरती-ओहोटीबरोबर झिरपणं कमी-जास्त होत असेल तर खाडी. हे सगळं करून कोडं उरलं, आणि बाहेरच्या बाजूला उघडा कातळ असेल, तर रडार.

१७. बोगद्याच्या पुढे पाणी आहे का, हे आधी कळतं का?

खोदकामाच्या तोंडावर १०० मेगाहर्ट्झ अँटेना टेकवून पुढचे १५ ते ३० मीटर पाहण्याची पद्धत आहे. चांगल्या कातळात ती चालते. पण समोर पाण्याने भरलेला चुरा असेल तर पहिल्या ओल्या भेगेमागचं काही दिसत नाही. म्हणून रडारने जागा दाखवावी आणि ड्रिलने भोक पाडून खात्री करावी. अस्तर केलेल्या बोगद्यात, जाळी घातलेल्या काँक्रिटमागे, प्र. १६ चीच अडचण. १९१६ पासून वापरात असलेल्या पारसिकसारख्या जुन्या रेल्वे बोगद्याच्या डोंगरातला पाझर पाहायचा तर ओलं अस्तर, ओव्हरहेड तार आणि रूळ हे सगळं आड येतं. डोंगरावरून, कोरड्या दिवसांत, उघड्या कातळावर पाहिलेलं बरं.

१८. मीठ टाकलं, काहीच फरक दिसला नाही. म्हणजे दोन बोअर जोडलेल्या नाहीत?

असं लगेच म्हणू नका. उपसलेल्या पाण्यात मीठ आलं का ते आधी पाहा. पाण्यात आलं आणि रडारला दिसलं नाही, तर वाट आहे, पण ती आडव्या सांध्यातून आहे (प्र. ६) किंवा मीठ फार पातळ झालं (प्र. ९). पाण्यातही आलं नाही, तर उपसा किती वेळ चालवला ते बघा. तासाभरात थांबवला असेल तर उत्तर अपुरं आहे. मीठ टाकलेल्या बोअरमध्ये ते तसंच बसून असेल, तर पॅकर चुकीच्या जागी फुगवला किंवा भेगेचं तोंड बुजलेलं आहे. या तीनही शक्यता मोडल्या तरच जोडणी नाही असं लिहावं.

१९. अहवाल आला. त्यात काय मागायचं?

रंगीत चित्रांआधी कच्च्या फाइली. मग वेग किती धरला आणि तो जागेवर कसा मोजला. कोऱ्या दोन नोंदींची वजाबाकी. गेन किती लावला. गेन लावलेल्या चित्रांवरून जोराची तुलना करता येत नाही, म्हणून ताडणीची चित्रं एकाच गेनवर हवीत. टाकलेलं आणि परत आलेलं मीठ, ग्रॅममध्ये. केसिंगची लांबी आणि बोअर खोदताना कोणत्या फुटावर काय लागलं त्याची नोंद. बोअर मारणाऱ्या मिस्त्रीच्या वहीत ही नोंद बऱ्याचदा असते, मागितल्याशिवाय मात्र कोणी देत नाही.